एका फंक्शनचे विवरण



संगणकाविषयीची व्याख्याने बहुधा मोठ्या गोष्टींविषयी असतात. यंत्रांचा वेग किती वाढला, त्यांची स्मृती किती विस्तारली, माणसाची कोणती कामे ती करू लागली, हे ऐकण्याची आपल्याला सवय झाली आहे. आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो याच्या अगदी उलट टोकाचा, म्हणजे अतिशय लहान आहे. टेक्स्ट एडिटर नावाची एक आज्ञावली असते. मजकूर लिहिणे, तपासणे व दुरुस्त करणे हे तिचे काम. अशा एडिटरला स्वतःची एक छोटी भाषा असते. वारंवार करावी लागणारी कामे त्या भाषेत एकदा लिहून ठेवली की एडिटर ती आपणहून पार पाडतो. त्या भाषेतील एकच फंक्शन आज आपल्याला पाहायचे आहे: मजकुरात ठरावीक आकृतिबंध कोठे आहे हे शोधून काढणारे. आणि त्याच्या रचनेपेक्षाही त्याच्या विवरणाचा, म्हणजे ते काय करते हे सांगणाऱ्या चार-सहा वाक्यांचा, विचार करायचा आहे.

एवढ्याशा विषयाला तासभर कशासाठी द्यायचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्याने फंक्शन लिहिले आणि जो ते वापरतो, त्या दोघांची बहुधा कधीच भेट होत नाही. त्यांच्यामध्ये एक करार असतो आणि विवरण हाच त्या कराराचा मसुदा. मसुद्यात जे सांगायचे राहिले त्याचा भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो. आणि पुष्कळदा तो पडला आहे हेही त्याला वेळेवर कळत नाही.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. आकृतिबंध म्हणजे केवळ एखादा शब्द नव्हे. ‘ज्यात आधी एक अंक, मग कितीही अक्षरे आणि शेवटी पूर्णविराम आहे असा मजकूर’ हेही आकृतिबंधाचे वर्णनच होय. अशी वर्णने थोड्या चिन्हांत मांडण्याची पद्धत अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून आली. मज्जातंतूंच्या जाळ्याची गणिती प्रतिकृती कोणकोणत्या घटनाक्रमांना प्रतिसाद देऊ शकेल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मजकुराच्या शोधाशी त्याचा काही संबंध नव्हता. ‘शून्य किंवा अधिक वेळा’ हा अर्थ दाखविणारी तारका तेव्हापासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी अशा वर्णनांवरून मजकुराचा शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती एडिटरमध्ये आणली. युनिक्सवरील ‘एड’ या एडिटरमधील एका आज्ञेवरून १९७३ साली ‘ग्रेप’ हे स्वतंत्र साधन निघाले. १९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, आणि त्याच्या धर्तीवर ब्राम मूलेनार या डच आज्ञावलीकाराने १९९१ साली ‘व्हिम’ हा एडिटर प्रसिद्ध केला. आज आपण जे फंक्शन पाहणार आहोत ते या व्हिमच्या भाषेतील असून त्याचे नाव ‘मॅच’ असे आहे. तुलनेसाठी मधूनमधून ‘इमॅक्स’ या दुसऱ्या जुन्या एडिटरमधील ‘स्ट्रिंग-मॅच’ या समानधर्मी फंक्शनकडेही वळू.

मॅचला आपण दोन गोष्टी देतो. पहिली मजकूर, दुसरी आकृतिबंध. आकृतिबंध मजकुरात कोठे आहे हे सांगणारा एक क्रमांक ते आपल्याला परत देते. तेव्हा एखादा घाईत असलेला लेखक विवरण म्हणून एवढेच लिहील: ‘मॅच : मजकुरात आकृतिबंध शोधते व त्याची जागा सांगते.’ हे वाक्य खरे आहे. ते स्पष्टही वाटते. परंतु वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात किती गोष्टी अनुत्तरित राहिल्या आहेत, हे एकेक प्रश्न विचारून पाहू.

पहिला प्रश्न अगदी सरळ आहे. आकृतिबंध सापडला नाही तर काय? व्हिममध्ये मॅच अशा वेळी उणे एक हा आकडा देते. शून्य का देत नाही? कारण शून्य या उत्तराला आधीच अर्थ आहे: मजकुराच्या अगदी आरंभी आकृतिबंध सापडला, असा. जागा मोजताना पहिल्या जागेला शून्य म्हणण्याचा या भाषेचा प्रघात आहे. येथवर सर्व सुसंगत आहे. आता याच भाषेचा आणखी एक नियम लक्षात घ्या. ‘जर अमुक असेल तर तमुक करा’ अशी आज्ञा लिहिताना शून्य हे ‘असत्य’ मानले जाते आणि शून्याहून वेगळी कोणतीही संख्या ‘सत्य’ मानली जाते. म्हणजे एखाद्याने साध्या समजुतीने ‘जर मॅच, तर ही ओळ पुसा’ असे लिहिले, तर काय घडेल? आकृतिबंध सापडला नाही म्हणून उणे एक आले, उणे एक हे सत्य, म्हणून ओळ पुसली गेली. आणि जेथे आकृतिबंध अगदी आरंभीच होता तेथे शून्य आले, शून्य हे असत्य, म्हणून ती ओळ मात्र शिल्लक राहिली. हेतूच्या नेमके विरुद्ध. इमॅक्समध्ये याउलट स्थिती आहे. तेथे न सापडल्यास ‘निल’ ही खूण मिळते, निल हेच एकमेव असत्य असते आणि शून्य सत्य मानले जाते. तेथे तेच वाक्य निर्धोकपणे चालते. म्हणून एका एडिटरची सवय दुसऱ्यात घेऊन जाणाऱ्या माणसाला तर्क वाचवू शकत नाही. विवरणातील एक वाक्यच वाचवू शकते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो आपल्या लिपीशी थेट जोडलेला आहे. जागा मोजायची ती कशाने? ‘मराठी’ हा शब्द घ्या आणि त्यात ‘ठी’ कोठे आहे असे विचारा. शाळेतील मूल सांगेल: म, रा, ठी. शून्यापासून मोजायचे असेल तर ‘ठी’ दोन क्रमांकावर आहे. इमॅक्सचे स्ट्रिंग-मॅच सांगते: तीन. कारण संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य संकेतात काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. म, र, काना अशी तीन चिन्हे ओलांडल्यावर ठ येतो. व्हिमचे मॅच सांगते: नऊ. कारण ते चिन्हे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ या प्रचलित लेखनसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि तीन त्रिक नऊ. एकच शब्द, एकच प्रश्न, आणि दोन, तीन, नऊ अशी तीन उत्तरे. शिवाय तिन्ही बरोबर. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हा यूटीएफ-८ संकेत १९९२ साली केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तयार केला. ज्या टॉम्प्सन यांनी आकृतिबंधांचा शोध एडिटरमध्ये आणला, तेच जगातील सर्व लिप्यांना एका संकेतात सामावून घेण्याच्या कामीही आले.

आता यातील धोका पाहा. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर या संकेतात एकाच बाइटचे असते. त्यामुळे इंग्रजी शब्दात ही तिन्ही मोजमापे एकच उत्तर देतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती इंग्रजी मजकुरावर शंभरदा तपासली तरी दोष दिसणार नाही. मॅचने दिलेला क्रमांक त्याने व्हिममधीलच ‘स्ट्रचारपार्ट’ या मजकूर कापणाऱ्या फंक्शनला दिला असे समजा. ते फंक्शन बाइट मोजत नाही, चिन्हे मोजते. इंग्रजीवर सारे सुरळीत चालेल. पण ‘मराठी’ या शब्दावर ते नवव्या चिन्हापासूनचा भाग मागेल, आणि शब्दात चिन्हे तर पाचच आहेत. हाती रिकामा मजकूर येईल. एडिटर थांबणार नाही, तक्रार करणार नाही. मजकूर मोठा असेल तर रिकाम्याऐवजी भलताच तुकडा येईल. एखाद्या ग्रंथालयाची मराठी ग्रंथसूची अशा रीतीने रात्रीतून दुरुस्त करावयास घेतली, तर सकाळी नोंदींची संख्या बरोबर भरेल. मात्र त्यांतील शीर्षके कोठून तरी तुटलेली असतील. आणि ज्याने ही आज्ञावली लिहिली त्याने काही गैर केले असेही म्हणता येणार नाही. क्रमांक बाइटांत आहे एवढे तीन शब्दांचे विधान विवरणात आहे की नाही, आणि असल्यास ते त्याच्या नजरेस पडेल अशा जागी आहे की नाही, यावर सर्व अवलंबून होते. व्हिमच्या विवरणात ते आहे. परंतु जो केवळ इंग्रजीत काम करतो त्याला ते वाचताना निरर्थक वाटावे, आणि ज्याची लिपी वेगळी आहे त्याच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे ठरावे, असे ते विधान आहे. विवरण लिहिणाऱ्याने आपल्यासारख्या नसलेल्या वाचकाची कल्पना करावी लागते, ती अशा ठिकाणी.

तिसरा प्रश्न: उत्तर केवळ दिलेल्या दोन गोष्टींवरच अवलंबून आहे काय? गणितात तसे असते. चारचे वर्गमूळ विचारले तर उत्तर विचारणाऱ्याच्या खोलीतील दिव्यावर अवलंबून नसते. एडिटरची गोष्ट निराळी. तेथे वापरणाऱ्याने आपल्या सोयीसाठी अनेक मांडण्या करून ठेवलेल्या असतात. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे समान मानावीत काय, ही त्यांतील एक मांडणी. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठी मजकुराला तिची झळ लागत नाही. पण जेथे रोमन अक्षरांत नावे, संक्षेप किंवा सांकेतिक क्रमांक आहेत तेथे लागते. व्हिमचे मॅच ही मांडणी पाहते आणि तिच्याप्रमाणे वागते. त्याच कुळातील आणखी एक मांडणी आहे: आकृतिबंधात मोठे अक्षर आल्यास तेवढ्यापुरता भेद पाळावा, अशी. तिच्याकडे मात्र मॅच लक्ष देत नाही. आणि तिसरी एक मांडणी आकृतिबंधातील चिन्हांना विशेष अर्थ द्यायचा की नाही हे ठरविते. तिच्या बाबतीत वापरणाऱ्याने काहीही ठरविलेले असो, मॅच नेहमी एकच गृहीत धरून चालते.

पाहा, तीन मांडण्या, दिसायला एकसारख्या, आणि तिघींना तीन प्रकारची वागणूक. कितीही बुद्धिमान माणसाला हे विचार करून कळणे शक्य नाही. ते ठरविणाऱ्याने ठरविले आणि म्हणून ते तसे आहे. जे तर्काने मिळते ते विवरणात थोडक्यात सांगितले तरी चालते. जे केवळ ठरावाने आले आहे ते मात्र पूर्णपणे सांगितलेच पाहिजे. नाहीतर पुण्यात लिहिलेली आज्ञावली इंदूरच्या संगणकावर वेगळे उत्तर देईल, आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या यंत्राची शपथ घेऊन आपले म्हणणे खरे असल्याचे सांगतील. येथे विवरण आणखी एक उपकार करू शकते. आकृतिबंधातच एक छोटी खूण घालून अक्षरभेद पाळावा की नाही हे पक्के करता येते, मग वापरणाऱ्याची मांडणी कशीही असो. अडचण सांगताना तिच्यावरील उपाय तेथेच सांगणे, हे चांगल्या विवरणाचे लक्षण आहे.

चौथा प्रश्न आरंभाविषयी आहे. मॅचला हवे तर तिसरी गोष्ट देता येते: शोध कोठून सुरू करावा तो क्रमांक. आणि चौथीही: कितव्या वेळी जुळलेली जागा हवी तो आकडा. आता आकृतिबंधाच्या भाषेत ^ या चिन्हाचा अर्थ ‘येथे मजकुराचा आरंभ असावा’ असा आहे. ‘राम राम’ हा मजकूर घ्या. पहिला ‘राम’ नऊ बाइटांचा, मग एक रिकामी जागा, म्हणून दुसरा ‘राम’ दहा या क्रमांकावर सुरू होतो. ‘आरंभी राम’ असा आकृतिबंध देऊन शोध दहापासून सुरू करावयास सांगितले, तर तो जुळावा काय? दोन मते संभवतात. एक म्हणेल, मजकुराचा आरंभ शून्यावर आहे, दहावर नाही. म्हणून जुळू नये. दुसरा म्हणेल, दहापासून सुरू करा असे सांगितले म्हणजे मागचे सर्व जणू नाहीच, म्हणून जुळावा. व्हिमचे उत्तर असे की, केवळ तिसरी गोष्ट दिली असेल तर दुसरे मत खरे, आणि उत्तर दहा येते. परंतु चौथीही दिली असेल तर पहिले मत खरे, आणि उत्तर उणे एक येते.

हे विचित्र आहे. आणि व्हिमचे विवरण ते विचित्र असल्याचे लपवीत नाही. जुन्या आज्ञावल्या बिघडू नयेत यासाठी हा गुंता ठेवावा लागला, असे ते मोकळेपणाने सांगते. मला ही प्रांजळता फार मोलाची वाटते. साधन वापरात आल्यावर त्याच्या विक्षिप्तपणावरही लोकांची कामे उभी राहतात. मग तो विक्षिप्तपणा काढून टाकणे म्हणजे त्यांची घरे पाडणे होते. अशा वेळी निर्मात्याच्या हाती एकच गोष्ट उरते: जे आहे ते कारणासह लिहून ठेवणे. या वृत्तीची परंपरा जुनी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका तयार केली, तीत साधनांच्या वर्णनाबरोबर ‘दोष’ या मथळ्याखाली त्यांच्यातील ज्ञात उणिवांची नोंद करण्याची पद्धत होती. जाहिरातीची भाषा आणि विवरणाची भाषा यांतील अंतर या एका मथळ्याने जितके स्पष्ट होते तितके दीर्घ विवेचनानेही होणार नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे. ‘काहीच नाही’ हेही जुळणे होते काय? तारकेचा अर्थ शून्य किंवा अधिक वेळा, हे आपण पाहिले. ‘मराठी’ या शब्दात ‘र शून्य किंवा अधिक वेळा’ हा आकृतिबंध शोधावयास सांगितला, तर र जेथे आहे तेथला क्रमांक, म्हणजे तीन, मिळेल अशी आपली अपेक्षा असते. मिळतो शून्य. कारण शब्दाच्या अगदी आरंभी, म च्या अलीकडे, र शून्य वेळा आहेच. आकृतिबंध तेथेच पूर्ण झाला आणि शोध संपला. फंक्शनने व्याख्येचे तंतोतंत पालन केले. फसलो ते आपण, कारण ‘शोधणे’ या शब्दाबरोबर आपल्या मनात ‘काहीतरी हाती लागणे’ हा अर्थ येतो. व्हिमच्या विवरणात याची स्वतंत्र सूचना आहे. शास्त्रीय दृष्टीने तिची गरज नाही, कारण ती व्याख्येतच अंतर्भूत आहे. मात्र माणूस व्याख्या वाचूनही आपल्या सवयीच्या अर्थानेच चालतो, हे ओळखून ती दिलेली आहे.

याशिवाय एक सहावा प्रश्न आहे, तो इमॅक्सच्या संदर्भात विचारावा लागतो: काम संपल्यावर फंक्शन मागे काय ठेवून जाते? इमॅक्सचे स्ट्रिंग-मॅच क्रमांक तर देतेच, शिवाय आकृतिबंध कोठे सुरू झाला, कोठे संपला, त्याचे पोटभाग कोठे जुळले, ही सर्व माहिती एका सामाईक फळ्यावर लिहून ठेवते. दुसरी फंक्शने ती तेथून वाचतात. फळा एकच असल्यामुळे पुढचा शोध मागच्याची नोंद पुसून टाकतो. आपण एक शोध घेतला, मध्ये दुसऱ्याने लिहिलेले एखादे फंक्शन बोलावले, त्याने आतल्या आत आपला शोध घेतला, आणि आपण परत येऊन फळा वाचला तर तेथे त्याचे आकडे. म्हणून इमॅक्समध्ये फळ्यावरील मजकूर जपून ठेवून नंतर पूर्ववत करण्याची सोय आहे, आणि फळ्याला हातच न लावणारे स्ट्रिंग-मॅचचे एक भावंडही आहे. ही बाब उत्तराच्या वर्णनात कोठेच बसत नाही, आणि म्हणून ती लिहावयाची राहून जाण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

आता विवरण कोठे आणि कसे लिहावे याविषयी थोडेसे. इमॅक्सच्या परंपरेत विवरण फंक्शनच्या पोटातच लिहिले जाते. फंक्शनच्या नावामागोमाग येणारी ती वाक्ये एडिटर स्वतः सांभाळतो आणि कोणीही कोणत्याही क्षणी फंक्शनचे नाव विचारले की ती समोर ठेवतो. त्याविषयीचा एक संकेत फार उपयुक्त आहे: पहिली ओळ हे स्वतःपुरते पूर्ण वाक्य असावे. कारण अनेक फंक्शनांची यादी दाखविताना एडिटर प्रत्येकाची पहिलीच ओळ दाखवितो. तिथे प्रस्तावनेला जागा नाही. काय मिळते आणि न सापडल्यास काय मिळते, एवढे त्या ओळीत आले पाहिजे. पुढची वाक्ये ज्याला खोलात जायचे आहे त्याच्यासाठी. ज्या घटकांचा उल्लेख व्हायचा त्यांची नावे ठळक दिसावीत, म्हणजे वाचणाऱ्याला ‘ते’ म्हणजे मजकूर की आकृतिबंध असा संभ्रम पडत नाही.

आणि उदाहरणे. आपल्याकडे व्याकरणशास्त्रात या बाबतीत एक आदर्श घालून दिलेला आहे. पाणिनीची सूत्रे अतिशय संक्षिप्त आहेत. सातव्या शतकातील जयादित्य व वामन यांची काशिकावृत्ती ही सूत्रे समजावून देताना केवळ उदाहरण देऊन थांबत नाही. सूत्रातील एखादे पद का घातले आहे असा प्रश्न ती उपस्थित करते, आणि ते पद नसते तर कोणते चुकीचे रूप सिद्ध झाले असते ते दाखविणारे प्रत्युदाहरण देते. फंक्शनच्या विवरणाला नेमके हेच हवे असते. ‘मराठी’ मध्ये ‘ठी’ शोधल्यास नऊ येतात हे उदाहरण. ‘र शून्य किंवा अधिक वेळा’ शोधल्यास तीन येत नाहीत, शून्य येतो, हे प्रत्युदाहरण. पहिले नियमाचा अर्थ सांगते. दुसरे त्याची सीमा. आणि उदाहरण निवडताना सर्व मोजमापे ज्यात एकच उत्तर देतात असा सोयीचा इंग्रजी शब्द घेतला, तर ते उदाहरण वाचणाऱ्याला काहीच शिकवीत नाही, हेही आता आपल्या ध्यानात आले असेल.

एवढ्या विचारानंतर आपले आरंभीचे एक वाक्य कसे बदलते ते पाहू. माझ्या शब्दांत ते साधारण असे होईल.

‘मॅच : मजकुरात आकृतिबंध प्रथम जेथे जुळतो त्या जागेचा क्रमांक देते, न जुळल्यास उणे एक देते. क्रमांक शून्यापासून व बाइटांत मोजला जातो. चिन्हे मोजणाऱ्या फंक्शनला तो तसाच देऊ नये. “मराठी” मध्ये “ठी” शोधल्यास ९ मिळतात. उत्तराची शहानिशा उणे एकशी तुलना करून करावी. नुसते “जर मॅच” असे लिहिल्यास उलट परिणाम होतो. मोठी-लहान रोमन अक्षरे समान मानण्याची वापरणाऱ्याची मांडणी येथे लागू होते. ती टाळावयाची असल्यास आकृतिबंधात तशी खूण घालावी. आरंभ दिल्यास मजकूर तेथूनच सुरू होतो असे मानले जाते, तरी उत्तराचा क्रमांक मूळ मजकुराप्रमाणेच असतो. कितव्या वेळी हेही दिल्यास मात्र आरंभाचे चिन्ह त्या जागी जुळत नाही. शून्य वेळा जुळू शकणारा आकृतिबंध बहुधा मजकुराच्या आरंभीच जुळतो. मजकुराऐवजी यादी दिल्यास जुळणाऱ्या पहिल्या घटकाचा क्रमांक मिळतो.’

यात एकही शब्द अलंकारासाठी नाही. प्रत्येक वाक्यामागे कोणाचा तरी वाया जाणारा दिवस आहे आणि तो वाचविण्याचा हेतू आहे. हे विवरण पूर्ण आहे असा माझा दावा नाही. पण अनोळखी माणसाने यावर विश्वास ठेवून काम सुरू करावे इतके ते विश्वासार्ह आहे.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख करतो. ब्राम मूलेनार यांनी व्हिम विनामूल्य दिला, आणि तो उपयोगी पडला तर युगांडातील गरजू मुलांसाठी मदत करावी अशी विनंती त्याच्या विवरणातच घालून ठेवली. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तो सांभाळला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर हे काम इतरांनी स्वीकारले, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली पुढील आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. ^ हे चिन्ह तिसऱ्या घटकाबरोबर एक आणि चौथ्याबरोबर दुसरे का वागते, हे आता त्यांना विचारता येणार नाही. ते त्यांच्या हयातीतच लिहून ठेवले गेले म्हणूनच आज त्यांच्या जागी काम करणाऱ्याला कळते की, हा दोष समजून दुरुस्त करावयाचा नाही. कोणाचे तरी काम यावर चालले आहे.

आपल्यापैकी ज्यांना आज्ञावल्या लिहावयाच्या आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे. फंक्शन लिहून झाल्यावर लगेच उठू नका. जो माणूस तुम्हाला ओळखत नाही, ज्याची लिपी तुमची नाही, ज्याच्या यंत्रावरील मांडण्या वेगळ्या आहेत, आणि ज्याला तुम्हाला विचारण्याची संधी मिळणार नाही, त्याच्यासाठी आणखी अर्धा तास बसा. न सापडल्यास काय, मोजमाप कशाचे, कशावर अवलंबून, आरंभ कोठे, रिकामे जुळल्यास काय आणि मागे काय उरते, या सहा प्रश्नांची उत्तरे साध्या वाक्यांत लिहा. आणि ज्यांना आज्ञावल्या केवळ वापरावयाच्या आहेत त्यांनी ती वाक्ये वाचावीत; ती कोणीतरी आपल्यासाठीच लिहिलेली असतात.